कोणाकडून करून घ्यायची पाळी येऊ नये म्हणून

आपल्या घरांतील वडीलधारी माणसे देवापुढे हात जोडतात, तेव्हा त्यांचे मागणे बहुधा एकच असते : कोणाकडून करून घ्यायची पाळी येऊ नये, हातीपायी धड असतानाच डोळे मिटावेत. दीर्घायुष्य मागणारे वृद्ध मला क्वचितच भेटले. स्वावलंबन मागणारे मात्र रोज भेटतात.

मी बालरोगतज्ज्ञ. माझ्यासारखीने वार्धक्यावर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात मुलाबरोबर केवळ आईच येते असे नाही; पुष्कळदा आजी येते. तपासणी संपली की आजी नातवाला उचलून खुर्चीतून उठते. ती कशी उठते, हे गेली पंचवीस वर्षे मी पाहत आले आहे. काही आजी सहज उठतात. काही आधी नातवाला सुनेच्या हाती देतात, खुर्चीच्या हातांवर दोन्ही पंजे रोवतात, पहिला प्रयत्न फसतो आणि दुसऱ्या खेपेस उठतात. पुढे दोन-तीन वर्षांनी धाकट्या नातवंडाच्या लसीकरणाच्या वेळी यांतल्या काही आजी दिसेनाशा होतात. चौकशी केली तर उत्तर मिळते, "हल्ली त्या घराबाहेर पडत नाहीत."

खुर्चीतून कष्टाने उठणे आणि घराबाहेर न पडणे, या दोहोंमधील काळात काय घडते आणि त्यातले काय टाळता येते, याविषयी हा लेख आहे. त्यासाठी माझ्याच घरातील एक चूक सांगणे मला भाग आहे.

घरातील अनुभव

२०१६ साली माझे सासरे वारले. त्यानंतर रावपुऱ्यातील जुन्या वाड्यातून सासूबाईंना आम्ही विश्वामित्रीपलीकडे, अकोटा भागातील आमच्या सदनिकेत आणले. त्या वेळी त्यांचे वय शहात्तर होते. वाड्यात त्या पहाटे उठून अंगणात सडा घालीत, दिवसातून आठ-दहा वेळा जिना चढत-उतरत, पाटावर बसून जेवत आणि खंडेराव मार्केटमधून स्वतः निवडून भाजी आणीत. आमच्याकडे यांपैकी काहीही उरले नाही. स्वयंपाकाला बाई होती, भाजी घरपोच येत होती, जेवण टेबलावर होते. त्या भाजी निवडायला बसल्या तर मी ताट काढून घेई; कपड्यांच्या घड्या घालू लागल्या तर मुलगा म्हणे, "आई, तू आता फक्त आराम कर." आम्हा पतिपत्नींना याचा अभिमान वाटत असे. एकदा त्या म्हणाल्या, "तुम्ही मला पाहुणी करून टाकलंत." आम्ही ते थट्टेवारी नेले.

२०१८ च्या पावसाळ्यात एका रात्री लघवीला उठताना त्या पलंगापाशी पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या दिवशी तरुण फिजिओथेरपिस्ट आल्या आणि त्यांनी मला विचारले, "पडण्यापूर्वी आजी दिवसभर काय काय करीत असत?" मी उत्तर दिले, "काहीच नाही. आम्ही त्यांना काही करूच देत नव्हतो." बोलता बोलताच माझ्या उत्तराचा अर्थ मला कळला. आपल्या दोन वर्षांच्या मुलाला भरवणाऱ्या आईला मी रोज सांगत असे, "त्याला हाताने खाऊ द्या. सांडेल, वेळ लागेल, पण शिकेल." हेच तत्त्व मी माझ्या घरात नेमके उलटे वापरले होते.

चढण्याची आणि उतरण्याची पायरी

अमेरिकेतील डॉ. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ साली वृद्ध रुग्णांच्या स्वावलंबनाचे एक मोजमाप प्रसिद्ध केले. आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून किंवा खुर्चीतून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे, अशा सहा क्रिया त्यात आहेत. खुब्याचे हाड मोडलेल्या आणि इतर रुग्णांचे निरीक्षण करताना डॉ. कॅट्झ यांना असे दिसले की, रुग्ण बरा होताना या क्रिया साधारणतः ठरावीक क्रमाने परत येतात आणि तो क्रम लहान मूल ज्या क्रमाने त्या शिकते त्याच्याशी विलक्षण जुळतो. मूल आधी हाताने खाऊ लागते. स्वतःची आंघोळ नीट करणे त्याला फार उशिरा जमते. वृद्ध माणसाच्या हातून या क्रिया सुटू लागतात, तेव्हा बहुधा आंघोळ आधी सुटते आणि जेवण सर्वांत शेवटी.

हे वाचून "म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण" ही उक्ती आठवेल. ती मला मान्य नाही. पायऱ्या त्याच असल्या, तरी त्यांवरील माणूस निराळा असतो. मुलाने अजून घर चालवलेले नसते. आजीने चाळीस वर्षे चालवलेले असते. म्हणून तिच्याशी बोबडे बोलणे, तिच्यासमोरच तिच्याविषयी तृतीय पुरुषात बोलणे किंवा तिला न विचारता तिचे निर्णय घेणे, हे अज्ञान तर आहेच, शिवाय अपमानही आहे. बालरोगशास्त्राकडून घ्यावयाचा धडा वेगळा आहे : जी क्रिया माणूस करतो, ती त्याच्यात टिकते, जी त्याच्यासाठी दुसरा करतो, ती हळूहळू जाते.

स्नायू झिजतात, पण दादही देतात

वयाच्या तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही चपळ हालचाल करणारे तंतू अधिक झिजतात. ठेच लागली असता पाऊल चटकन पुढे टाकून तोल सावरण्याचे काम याच तंतूंचे असते. म्हणून पन्नाशीत ठेच लागलेला माणूस सावरतो आणि ऐंशीतला पडतो. हाडे ठिसूळ झालेली असली की पडण्याचा शेवट हाड मोडण्यात होतो.

वयाइतकाच मोठा शत्रू म्हणजे अनुपयोग. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील चरबीविरहित ऊतींचे वजन सरासरी सुमारे एक किलोने घटले. ही माणसे आजारी नव्हती. तेव्हा तापाने किंवा न्यूमोनियाने आठवडाभर पडून राहिलेल्या वृद्धाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना यावी. आपण डॉक्टर मंडळी औषधाच्या चिठ्ठीवर "विश्रांती" हा शब्द फार उदारपणे लिहितो. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत विश्रांती किती दिवस आणि त्यानंतर हालचाल कोणती, हेही लिहिले पाहिजे.

याची दुसरी बाजू अत्यंत आशादायक आहे. १९९० साली बोस्टन येथे सरासरी नव्वद वर्षे वयाच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा व्यक्तींना आठ आठवडे पायांचे वजन उचलण्याचे व्यायाम देण्यात आले. ज्या नऊ जणांनी हा कार्यक्रम पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी काठी बाजूला ठेवली. अभ्यास छोटा होता; तथापि स्नायू नव्वदीतही व्यायामाला दाद देतात, ही गोष्ट नंतरच्या अनेक अभ्यासांनी दृढ केली आहे.

कमाटीबागेतील फेरी पुरेशी आहे काय?

आपल्या शहराला व्यायामाचे वावडे कधीच नव्हते. जुम्मादादा व्यायाममंदिर आणि राजरत्न माणिकराव यांची नावे येथे आजही आदराने घेतली जातात. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोश याच बडोद्यात सिद्ध झाला. आज पहाटे कमाटीबागेत फिरणाऱ्या ज्येष्ठांची संख्या पाहून समाधान वाटते. चालण्याने हृदय, रक्तदाब, साखर आणि मन या सर्वांना लाभ होतो. परंतु सपाट रस्त्यावर चालण्याने खुर्चीतून उठण्याची ताकद पुरेशी टिकत नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाबरोबरच तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सुचवले आहेत.

आधी आपण कोठे आहोत ते पाहावे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून दोन्ही हात छातीशी बांधावेत आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ७० ते ७४ वयोगटात स्त्रियांना १० पेक्षा आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे असे समजावे. दुसरी चाचणी : खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट, जावे आणि परत येऊन बसावे. यास बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. दोन्ही चाचण्यांच्या वेळी कोणीतरी शेजारी उभे असावे.

व्यायामही हाच. तालमीतल्या बैठका आता झेपणार नाहीत, पण खुर्चीतून उठणे-बसणे ही ज्येष्ठांची बैठकच होय. सुरुवातीस हातांचा आधार घेऊन पाच वेळा, पुढे आधाराविना आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर काही क्षण उभे राहणे, कठडा धरून जिन्याच्या चार पायऱ्या चढणे-उतरणे, एवढ्याने पुष्कळ साधते. छातीत दुखणे, धाप लागणे, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास प्रारंभ डॉक्टरांना विचारूनच करावा.

ताटात काय असावे

एकट्या पडलेल्या वृद्धांचा आहार हळूहळू चहा-खारी, पातळ वरण-भात आणि रात्री दूध-पोळी एवढ्यावर येऊन ठेपतो. पोट भरते, पण यातून दिवसाला जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम प्रथिने मिळतात. वृद्धांसाठी तज्ज्ञांचा सल्ला प्रतिकिलो वजनास १ ते १.२ ग्रॅम असा आहे. म्हणजे ५५ किलो वजनाच्या व्यक्तीस ५५ ते ६६ ग्रॅम. वरण घट्ट करावे, एका जेवणात उसळ असावी, वाटीभर दही, भाजीत दाण्याचे कूट, अधूनमधून पनीर आणि चालत असल्यास अंडे घ्यावे. दातांमुळे चावता येत नसेल, तर आहार कमी करण्याऐवजी दातांवर उपचार करावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. शाकाहारी व्यक्तींमध्ये, तसेच मेटफॉर्मिन किंवा आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. तिने पाय बधिर होतात आणि तोल जातो. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता यांविषयीही डॉक्टरांशी बोलावे.

आम्ही प्रत्येक भेटीत मुलाचे वजन करतो. आजी-आजोबांचे वजन मात्र वर्षानुवर्षे होत नाही. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ते "वयोमानानुसार" म्हणून सोडून देऊ नये.

पडणे टाळणे

पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा, सटकणारी पायपुसणी दूर करणे, न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा आणि मागे पट्टा असलेल्या चपला, या गोष्टींचा खर्च एका शस्त्रक्रियेपुढे नगण्य आहे. अंथरुणातून उठताना क्षणभर काठावर बसून मगच उभे राहावे. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा अधिक उतरत असेल, तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. म्हणून रक्तदाब उभ्यानेही मोजला पाहिजे. झोपेच्या गोळ्या हे पडण्याचे एक प्रमुख कारण आहे. वर्षातून एकदा घरातील सर्व औषधांची पिशवी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि "यांतले काय बंद करता येईल?" असे विचारावे. माझ्या सासूबाई त्या रात्री पडल्या, तेव्हा खोलीत अंधार होता. दिवा लावायचे आमच्या दोघांच्याही मनात कधी आले नव्हते.

डोळे आणि कान हेही स्वावलंबनाचे आधार आहेत. मोतीबिंदू "अजून पिकला नाही" म्हणून वर्षे घालवू नयेत. ऐकू न येणारा माणूस आधी संभाषणातून आणि मग समाजातून बाहेर पडतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोष आणि दृष्टिदोष या दोहोंचा समावेश केला आहे. लसीकरण केवळ मुलांसाठी असते हा समजही सोडावा. इन्फ्लुएन्झाची वार्षिक लस, न्यूमोकोकल लस आणि नागिणीची लस यांविषयी प्रत्येक ज्येष्ठाने आपल्या डॉक्टरांस विचारावे.

काम हातातून काढून घेऊ नका

आतापर्यंत सांगितलेले बहुतेक सर्व वाचकांनी कोठे ना कोठे वाचले असेल. मला मुख्यतः सांगावयाचे आहे ते यापुढे.

१९७६ साली अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले, "तुमच्या खोलीची मांडणी, तुमचा वेळ, हे तुम्ही ठरवा". आणि एकेक रोपटे देऊन त्याची देखभाल त्यांच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, परंतु "पाणी आमचे कर्मचारी घालतील" असे सांगितले. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक उत्साही आणि अधिक हालचाल करणारी आढळली. प्रयोग लहान होता, त्यावर चर्चाही पुष्कळ झाली. पण दुसऱ्या मजल्याचे वर्णन वाचताना मला माझे घर दिसले.

आम्ही सासूबाईंचे काम काढून घेतले ते प्रेमापोटी, असे मी अनेक दिवस स्वतःस सांगत होते. प्रामाणिकपणे पाहता त्यात घाईचा वाटा मोठा होता. त्यांना मेथीची जुडी निवडायला चाळीस मिनिटे लागत; मला दहा. त्यांना आंघोळीला पाऊण तास लागे आणि मला दवाखाना गाठायचा असे. दुसऱ्याचे काम आपण करून टाकले की वेळ वाचतो, आणि वर त्याला सेवा म्हणता येते. बहुतेक कष्टाळू, सुस्वभावी कुटुंबांत परावलंबनाचा आरंभ असाच होत असावा.

म्हणून मदतीचा नियम असा असावा : जेथे अडते तेवढ्यापुरतीच मदत करावी. पाठीला हात पोहोचत नसेल तर पाठ चोळून द्यावी, संपूर्ण आंघोळ घालू नये. उभ्याने आंघोळ जमत नसेल तर न्हाणीघरात न सरकणारे स्टूल ठेवावे. बटणे लावता येत नसतील तर बटणांच्या जागी चिकटपट्टी लावावी. थोडक्यात, आधी वस्तू बदलावी, मग पद्धत बदलावी आणि माणसाचे काम सर्वांत शेवटी आपल्या हाती घ्यावे. बँकेचे पासबुक, औषधांचा डबा, दाराची किल्ली आणि स्वतःच्या उपचारांचा निर्णय, हे शक्य तितके दिवस त्यांच्याच हाती असावे.

अर्धांगवायू, कंपवात, वाढलेला स्मृतिभ्रंश किंवा तीव्र संधिवात असेल, तर मदत करणे हे कर्तव्यच आहे आणि ती घेण्यात कोणताही कमीपणा नाही. अशा रुग्णांना "तुम्हीच करा" म्हणणे क्रौर्य ठरेल. तेथेही जेवढे जमते तेवढे राखण्याचा प्रयत्न मात्र सोडू नये.

ज्येष्ठ वाचकांना एक विनंती. सून किंवा मुलगा "राहू द्या" म्हणतो, तेव्हा ते ऐकणे सोपे असते. कृपया ऐकू नका. आपला पेला आपण विसळा, आपले अंथरूण आपण घाला, दुधाची पिशवी आणायला आपण खाली उतरा. आणि आमच्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगणे की, वृद्ध रुग्णाचा रक्तदाब आणि साखर तपासून झाली की एक प्रश्न आणखी विचारावा : "घरात तुमच्याकडे कोणते काम आहे?" उत्तर "काही नाही" असे आले, तर ते रोगलक्षण समजावे.

सासूबाईंनी आता पंच्याऐंशी ओलांडली आहे. त्या काठी घेऊन चालतात. पाटावर बसणे त्यांना पुन्हा जमले नाही आणि वाड्याचा जिनाही पुन्हा चढता आला नाही. जे गेले ते सर्व परत येत नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतर चौथ्या महिन्यापासून त्या आपली आंघोळ आपण करीत आहेत. घरातील भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या आणि गच्चीतील कुंड्यांना पाणी ही तीन कामे त्यांची आहेत. मेथीला अजूनही चाळीस मिनिटे लागतात, आणि आमचे जेवण त्या दिवशी थोडे उशिरा होते.